बाबाच्या खिशातला ड्रॅगन

मित्रांनो, मी एका लांबलचक गोष्टीचा जुना तिसरा भाग आहे. तिसरा भाग असणं तसं कठीणच. पहिल्या भागाचं सगळ्यांना कौतुक, कारण तिथून सुरुवात होते. शेवटच्या भागाची सगळे वाट पाहतात, कारण तिथं सगळं कळतं. मधला मात्र घरातल्या मधल्या भावंडासारखा. काहीतरी सांडलं किंवा फुटलं, की मगच त्याच्याकडे लक्ष जातं. माझ्या बाबतीत तर फुटलो मीच. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. मोठाल्या कागदांवर दोन्ही बाजूंनी मजकूर उमटला, मग यंत्रानं त्या कागदांच्या घड्या घातल्या. अशा एका घडीला छापखान्यात फर्मा म्हणतात. फर्म्यावर फर्मा रचत गेले आणि मी जाड होत गेलो. शेवटी पाठीला गरम गोंद लावला आणि वर मुखपृष्ठ चढवलं. गडद निळं आभाळ, त्यात डावा पंख मोडलेला एक ड्रॅगन, आणि त्याचा सोनेरी डोळा. उजेडात धरलं की तो डोळा चमकायचा. मला गठ्ठ्यात बांधणारा कामगार म्हणाला, "हा तर उशीएवढा झालाय. वाचून संपला नाही तर डोक्याखाली तरी घेता येईल." माझ्या वाट्याला आलेली ही पहिली स्तुती.

आमच्या गोष्टीचं नाव 'ज्वालादरी'. पाच भागांची गोष्ट, पण तेव्हा चारच निघाले होते. त्यात एक कोळसे विकणारी मुलगी आहे, तिला सगळे कोळसेवाली म्हणतात. तिचा ड्रॅगन अर्धपंखी. आणि थोरला नावाचा एक म्हातारा ड्रॅगन आहे, ज्याला गावानं निरुपयोगी ठरवून हाकलून दिलंय. माझ्या पानांत दरीचा प्रसंग येतो. सगळं गाव दरीच्या तळाशी अडकतं. पाणी चढत असतं. वर काळ्या खडकाच्या खाचेतून एक जाड दोर टाकलेला असतो. दोराच्या खालच्या टोकाला मोठी टोपली, त्यात सगळं गाव. अर्धपंखी वरून ओढतो, पण टोपली हलत नाही. तेवढ्यात थोरला येतो. कुणाशी एक शब्द न बोलता तो दोराच्या दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या टोपलीत बसतो आणि अंधारात खाली खाली जातो. गाव वर येतं, अर्धपंखीचा जयजयकार होतो, आणि थोरल्याचं काय झालं ते माझ्यात कुठंच लिहिलेलं नाही. हे सगळं आत्ताच सांगून ठेवलं, कारण पुढं लागणार आहे.

मी त्या मुलीच्या घरी आलो तो तिच्या आत्याच्या घाईमुळे. वाढदिवसाला पुस्तक द्यायचं, एवढंच आत्याला माहीत होतं. दुकानात तिला माझा सोनेरी डोळा आवडला आणि तिनं मला उचललं.

"ताई, हा तिसरा भाग आहे," मुलीची आई हळूच म्हणाली.

"मग काय झालं? तिसऱ्यात काय ड्रॅगन नसतात?"

आत्याला उत्तर कोण देणार? मुलगी तिसऱ्यापासूनच सुरू झाली. कोण कुणाचा शत्रू आणि कोण कुणाचा भाऊ, काही पत्ता नाही, तरी ती वाचत सुटली. दुसऱ्याच दिवशी शाळेतून येताना वाचनालयात शिरली आणि पहिला नि दुसरा भाग काखोटीला मारून घरी आली. ते संपवून तिनं मला परत पहिल्यापासून वाचलं. त्यानंतर चौथा. आणि मग पुन्हा मी.

मित्रांनो, पुस्तकाचं नशीब उघडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवसांत पाहिलं. दात घासताना ती मला आरशाशी टेकवून ठेवायची. फेसाचे ठिपके माझ्यावर अजून आहेत. एक मोजा घालून झाला की दुसरा हातातच राहायचा, कारण पान उलटायचं असायचं. तिनं घराचाच नकाशा करून टाकला होता. फ्रिज म्हणजे हिमकडा, आईचं शिवणयंत्र म्हणजे गर्जनेची गुहा, आणि दाराजवळ बाबाचे बूट ठेवलेले असत ती जागा म्हणजे दलदल. आईनं हाक मारली की 'आले' म्हणायचं सोडून ती म्हणायची, "पंख पसरलेत!"

"पसर, पसर," आई आतून म्हणायची. "पसरून झाले की वाळलेल्या कपड्यांच्या घड्या कर."

आई घरी लोकांचे कपडे शिवायची आणि अल्टर करून द्यायची. कानावर गोष्ट पडून पडून तिला सगळे ड्रॅगन नावानिशी पाठ झाले होते. प्रश्न होता तो बाबाचा.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. नखांत काळं ग्रीस, कमरेला चाव्यांचा जुडगा, बोलणं बेताचं. मुलगी लहान होती तेव्हा घरभर त्याच्या मागे मागे फिरायची. तो नळ दुरुस्त करायला बसला की ही पाना घेऊन उभी, तो खिळा ठोकायला लागला की ही खिळ्यांची डबी घेऊन उभी. म्हणून त्यानं तिचं नाव ठेवलं होतं शेपटी. मग ती चौदा वर्षांची झाली. एकदा दारात वर्गातल्या मुली असताना त्यानं तीच हाक मारली. त्या गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, प्लीज, ते नाव नको ना आता." त्यानं मान हलवली आणि पुन्हा कधी ते नाव घेतलं नाही. पण दुसरं नावही त्याच्या तोंडात बसेना. नाव गेलं आणि त्याच्याबरोबर हाकही गेली.

रोज संध्याकाळी जेवताना तो मात्र एक प्रयत्न करायचाच.

"किती पानं झाली?"

"बाबा, पानं मोजायची नसतात."

"मग काय मोजायचं असतं?"

मुलगी छताकडे बघायची. "जाऊ दे. तुला नाही कळणार."

मी टेबलाच्या कडेला असायचो, मला त्याचा चेहरा दिसायचा. तो आधीच स्वच्छ असलेला चमचा पुसत बसायचा. तिच्या गप्पांत बसायला त्याला एक खुर्ची हवी होती, एवढंच. ती कुठून आणायची ते त्याला समजत नव्हतं.

मग तिची परीक्षा आली. आईनं मला आणि चौथ्याला उचलून कपाटावर ठेवलं. "परीक्षा संपेपर्यंत ड्रॅगन वर आणि तू खाली." मुलगी कुरकुरली, पण खाली राहिली.

एका सकाळी मुलगी अंघोळीला गेली असताना बाबा स्टुलावर चढला. चोरी करतोय असं तोंड करून त्यानं मला काढलं आणि अवजारांच्या पिशवीत घातलं. पहिला भाग आधी वाचावा हे त्याच्या डोक्यात आलं नसेल असं नाही. पण ती इथूनच सुरू झाली होती, मग आपणही इथूनच, असा त्याचा हिशेब असावा. आईनं पाहिलं. ती डब्याचं झाकण लावत राहिली.

पहिले एक-दोन दिवस मी पिशवीतून हिंडलो. चेन लागायची नाही. पान्याखाली माझा एक कोपरा दुमडला. बाबानं तो अंगठ्यानं सरळ केला, आणि खूप वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझी काळजी वाटली. आणि मित्रांनो, मला जपायचं म्हणूनच त्यानं कटर बाहेर काढला.

रागावू नका, आधी ऐका. लिफ्टच्या दुरुस्तीचं पुस्तक माझ्याहून जाड असतं. ते घेऊन शिडीवर कोण चढणार? म्हणून ही माणसं त्याची पाठ उकलून भाग वेगळे करतात. दरवाजांचा भाग, ब्रेकचा भाग, दोरांचा भाग. ज्या दिवशी जे काम, तेवढा भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचा. काम झालं की परत गठ्ठ्यात. त्यांच्या धंद्यात याला पुस्तक फाडणं म्हणत नाहीत, नीट वापरणं म्हणतात. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला हात लावला नव्हता. सगळीच पुस्तकं अशी वापरत असतील, असं त्याला वाटलं.

दुखलं का म्हणाल, तर मी कागद आहे, मला रक्त नाही. पण पाठीचा गोंद सुटताना वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला, तो मी विसरलेलो नाही. हात मात्र त्याचा सराईत होता. दोन फर्म्यांच्या मधून त्यानं असा कटर चालवला की एक अक्षरही दुखावलं नाही. माझे सहा तुकडे झाले. वाचायचा तुकडा त्याच्या शर्टाच्या खिशात, बाकीचे मुखपृष्ठात गुंडाळून, रबर लावून परत कपाटावर.

त्यानंतर मी जे वाचन अनुभवलं, तसं आधी अनुभवलं नव्हतं. मुलगी मला घटाघटा प्यायची. बाबा मला चावून चावून खायचा. उंच इमारतींच्या डोक्यावर लिफ्टचं यंत्र असलेली छोटी खोली असते. तिथं दुपारी डबा उघडून तो बसायचा. ओळीखालून बोट फिरायचं, ओठ हलायचे. मधूनच माझ्याशी भांडायचा. "एवढ्या वजनाला हा दोर? अरे, तुटेल!" किंवा, "ही पोरगी एकटी कुठं चालली? घरी सांगून तरी जा ना!" माझ्या पानांच्या कोपऱ्यांत त्याच्या अंगठ्याचे काळे ठसे उमटत गेले.

दरीचा प्रसंग चौथ्या तुकड्यात होता. तो त्यानं वाचला, मागं गेला, परत वाचला. डबा तसाच राहिला. मग मला मांडीवर पालथं ठेवून तो समोरच्या यंत्राच्या चाकाकडे बघत बसला. तेवढ्यात फोन वाजला. दुसरीकडे लिफ्ट अडकली होती, आत माणसं होती. तो उठला, मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि धावत जिने उतरला.

चौथा तुकडा तिथंच राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला कामावर पाठवलं. उद्या आणू, परवा आणू, असं चाललं. माझे पाच तुकडे कपाटावर आणि एक त्या खोलीत. पण गोष्ट एकच असली की तुकड्यांना एकमेकांची खबर राहते. म्हणून तर मला दोन्हीकडचं सांगता येतंय.

इकडे वाचनालयात मोठी बातमी आली होती. ज्वालादरीचा शेवटचा भाग निघाला होता. ग्रंथपालबाईंनी जाहीर केलं, की रविवारी दुपारी सगळ्यांसमोर खोकं उघडायचं, आणि त्याआधी एका वाचकानं आपला आवडता प्रसंग मोठ्यानं वाचायचा. कुणी वाचायचं यावरून मुलांत बरीच खडाजंगी झाली. शेवटी सगळ्यांनी आमच्या मुलीचं नाव घेतलं. शाळेत तिला 'ड्रॅगनबाई' म्हणून चिडवायचे. मधल्या सुट्टीत ती एकटीच बसायची. वाचनालयात मात्र सगळेच तिच्यासारखे होते, आणि त्या सगळ्यांनी तिला निवडलं होतं. तिनं दरीचा प्रसंग ठरवला. परीक्षेच्या अभ्यासातून उठून ती आरशासमोर रिकाम्या हातांनी सराव करायची.

शनिवारी परीक्षा संपली. संध्याकाळी ती खुर्चीवर चढली, मला खाली ओढलं, आणि रबर तुटलं. मी जमिनीवर पसरलो.

थोडा वेळ तिला समजेचना काय झालंय ते. मग ती किंचाळली, "आई! कुणी केलं हे?"

आई शिवणयंत्रावर होती, तोंडात टाचण्या. तिनं नुसतं दाराकडे पाहिलं. बाबा नुकताच आला होता. एक बूट काढलेला, एक पायात.

"मी," तो म्हणाला. "चिकटवणार होतो परत. बघ, एकही अक्षर कापलेलं नाही."

"कापलंस? बाबा, तू कापलंस?"

"खिशात मावत नव्हतं."

"पुस्तक आहे ते! स्क्रू ड्रायव्हर नाहीये!" ती गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करायला लागली. मग तिचे हात थांबले. "दरी कुठाय?"

"कुठली दरी?"

"बाबा!"

त्याच्या लक्षात आलं. "ती राहिली. त्या उंच इमारतीत, मशीन रूममध्ये."

"पण तुला कशाला हवं होतं माझं पुस्तक?"

बाबानं तोंड उघडलं. उत्तर अगदी सोपं होतं. पण अडकलेल्या लिफ्टमधल्या घाबरलेल्या लोकांशी दाराच्या फटीतून तासभर बोलू शकणाऱ्या त्या माणसाला ते उत्तर देता येईना.

"असंच," तो म्हणाला.

मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझी एकच गोष्ट होती," ती म्हणाली. "एकच." आणि आत निघून गेली.

आईनं टाचण्या डबीत टाकल्या. "वाचनालय उद्या दुपारी आहे ना? सकाळी दोघं जाऊन घेऊन या."

"मी नाही जाणार त्याच्याबरोबर," आतून आवाज आला.

"नको जाऊस. तो जाईल आणि दरी समजून दुसरंच काहीतरी घेऊन येईल. चालेल?"

आतलं दार किलकिलं झालं. "किती वाजता निघायचं?"

रविवारी सकाळी दोघं निघाले. बाबा पुढं, ती बरीच मागं. तिच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत मी होतो, पाच तुकड्यांचा. तिला कळलं होतं की नाही कोण जाणे, पण लहानपणी चालायची तशीच ती त्याच्या मागून चालत होती. फक्त मधलं अंतर वाढलं होतं. बाबा प्रत्येक वळणावर जरा थांबायचा, ती दिसली की पुढं निघायचा.

इमारतीच्या दारात वॉचमनकाका स्टुलावर बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, आणि हातात मी! म्हणजे माझा चौथा तुकडा. पाण्याच्या टाकीचा पंप लावायला वर गेले होते, तेव्हा त्यांना मी कट्ट्यावर सापडलो होतो.

"काका, ते माझं आहे," मुलगी म्हणाली.

"तुझं?" काकांनी मला छातीशी धरलं. "मग आधीचं कुठाय? आणि नंतरचं? आठवडा झाला, माझं डोकं फिरायची वेळ आलीये. ही कोळसेवाली कोण? पाणी का चढतंय? आमच्या हिला विचारलं तर ती म्हणाली, पाणी चढतंय तर पंप बंद करा."

मुलीला हसू आलं. ते तिनं दाबलं, पण माझ्या बाकीच्या तुकड्यांना पिशवीतून तिचं पोट हललेलं कळलं.

"आणि एक सांग," काका म्हणाले, "तो म्हातारा टोपलीत बसून खाली का गेला? वेडा होता का?"

"वेडा नाही. गावानं त्याला इतकं छळलं होतं, की त्याला परत कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. म्हणून तो निघून गेला." मुलीचा आवाज हळू झाला. "मला तिथं दर वेळी रडू येतं."

"नाही," बाबा म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. बाबाचे कान लाल झाले होते.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे तसं नाही वाटत मला. ये वर, दाखवतो. काका, खालून बटण दाबून लिफ्ट वर-खाली करत राहा जरा."

तिला खरं तर नाही म्हणायचं होतं. पण कुणी थोरल्याबद्दल तिच्याशी वाद घालावा आणि ती गप्प बसावी, असं कधी झालं नव्हतं. दोघं वर गेले. बाबानं मशीन रूमचं दार उघडलं आणि हात आडवा धरला. "आत पाय नाही टाकायचा. इथूनच बघ." वाऱ्यानं ग्रीसचा वास बाहेर आला. मधोमध एक मोठं चाक होतं, चाकाच्या खाचांतून दोर गेलेले, दोन्ही टोकं जमिनीतल्या भोकांतून खाली अंधारात.

चाक फिरायला लागलं. एका बाजूचे दोर वर यायला लागले आणि दुसऱ्या बाजूचे खाली जायला लागले.

"हे वर येतंय ती लिफ्ट," बाबा म्हणाला.

"आणि ते खाली जातंय ते?"

"त्याच्या टोकाला वजन आहे. लोखंडाचं. कुणाला दिसत नाही ते. लोक आत बसतात, बटण दाबतात, वर जातात."

मुलगी बघत राहिली. चाक थांबलं, उलटं फिरलं, परत सुलटं. तिनं पिशवीचा बंद घट्ट धरला. "आणि ते वजन नसेल तर?"

"तर एकट्या यंत्राला ओढवणार नाही."

"खाच," ती पुटपुटली. "काळ्या खडकाची खाच. अर्धपंखी एकटा ओढत होता, तेव्हा हलत नव्हतं. थोरला बसला आणि..." ती गर्रकन वळली. "बाबा! तो निघून नाही गेला! तो वजन झाला!"

"मला पण तेच वाटलं," बाबा म्हणाला. "त्या दिवशी जेवायचं राहिलं माझं."

चाक फिरतच होतं. खाली काका इमानदारीत बटण दाबत असणार. मुलीनं आपल्या बाबाकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी नीट.

"तू वाचत होतास? म्हणून नेलंस?"

"मला वेळ लागतो," तो म्हणाला. "तुझ्यासारखं भरभर नाही येत. पण कळतं."

तिनं काकांकडून घेतलेला चौथा तुकडा उघडला. कोपऱ्याकोपऱ्यात काळे अंगठे. सुरुवातीच्या पानांवर पुसट, दरीच्या पानांवर गडद. थोरला टोपलीत बसतो त्या पानावर तर दोन्ही हातांचे.

"पण कापायला नको होतंस," ती म्हणाली.

"नको होतं," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं."

"आणि थोरला मेला असं समजू नकोस. चौथ्या भागात पहिल्याच पानावर..."

"ए! सांगू नकोस!" बाबानं दोन्ही हात कानांवर ठेवले. "मी अजून तिथं पोचलो नाही!"

मग मात्र ती हसली. इतकी हसली की तिला दाराच्या चौकटीला टेकावं लागलं. बाबाही हसला आणि त्या नादात त्याच्या तोंडून निघून गेलं, "चल शेपटे, उशीर होईल."

तो दचकला. पण जिना उतरताना ती त्याच्या बरोबरीनं उतरत होती.

दुपारी वाचनालयात तिनं मला हातात धरलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ई, किती मळलंय ते!" तिनं लक्ष दिलं नाही. दरीचा प्रसंग ती वाचायला लागली. आधी सराव केला होता तसा रडवेल्या आवाजात वाचला नाही. हळू वाचला, एकेक शब्द सुटा करत, घाई न करता. थोरला टोपलीत बसतो तिथं ती थांबली आणि तिनं वर पाहिलं. मागच्या रांगेत, लहान मुलांसाठीच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन बाबा बसला होता.

वाचून झालं आणि मग जी वादावादी झाली, ती मी जन्मभर विसरणार नाही. थोरला पळपुटा की शहाणा, यावर मुलं उठून उभी राहिली. मुलगी दोऱ्याच्या एका टोकाला डस्टर आणि दुसऱ्या टोकाला टाचणीची डबी बांधून, तो खुर्चीच्या पाठीवरून टाकून, कोण वर जातं आणि कोण खाली ते दाखवत होती. मागच्या रांगेतून एक हात वर आला, ग्रीस भरलेल्या नखांचा.

"हे कोण?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"हे माझे बाबा," मुलगी म्हणाली. "सध्या तिसऱ्या भागात आहेत. त्यांच्यासमोर पुढचं कुणी बोलायचं नाही."

आणि खरंच, खोकं उघडेपर्यंत कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर बाबानं गोंद काढला. आईनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. "आता तुम्ही दोघं लांब राहा याच्यापासून." तिनं बाबाच्या जुन्या कामाच्या पँटचं निळं कापड कापलं, माझ्या प्रत्येक तुकड्याला वेगळं कव्हर घातलं आणि जाड दोऱ्यानं त्याची पाठ शिवली. नंतर सहाही तुकडे एकत्र शिवायचं सगळ्यांच्या मनात होतं, पण तोवर वॉचमनकाकांचा निरोप आला होता, पहिला तुकडा पाठवा म्हणून. मग मी सहाच राहिलो. पहिला तुकडा काकांकडे गेला, पाठोपाठ दुसरा. पाचवा बाबाच्या खिशात. तिसरा आईनं शिवणयंत्राशेजारी उघडा ठेवला. तिला नावं पाठ होती, पण गोष्ट तिनं कधी स्वतः वाचली नव्हती. सोनेरी डोळ्याचं मुखपृष्ठ मुलीनं भिंतीवर लावलं, दलदलीच्या बरोबर वर.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. काकांकडून मी चहाचा गोल डाग घेऊन परत आलो. माझा कागद पिवळा पडलाय, एकदोन ठिकाणी आईचे टाके उसवलेत. दुकानात माझी नवी आवृत्ती आली आहे, गुळगुळीत, एका पाठीची. तिच्यासमोर मी अगदीच ठिगळाचा दिसतो. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली आहे.

मित्रांनो, एक मागणं मागतो. पुस्तकाला कटर लावू नका, ते दुखतंच. ओल्या हातांनी पान उलटू नका, पान्याखाली दाबू नका. पण तुमच्या घरात कुणी हळू वाचणारं असेल, ओळीखालून बोट फिरवणारं, तर त्याला 'तुला नाही कळणार' म्हणू नका. त्याच्यासाठी जरा थांबा आणि पुढचं सांगू नका. माझ्या पानांतल्या सगळ्या डागांमध्ये मला आवडतात ते त्या काळ्या अंगठ्यांचे.

बाबा आता शेवटच्या भागात आहे. तो भाग एका पाठीचा आहे, अखंड. तो त्यानं टेबलावर ठेवूनच वाचायचा, असं घरात ठरलंय. कोळसेवाली पुन्हा दरीच्या तोंडाशी आली आहे, आणि बाबा गेले काही दिवस मुद्दाम सावकाश वाचतोय, संपू नये म्हणून. रोज जेवणाच्या वेळी फोन वाजतो. तो हात पुसून फोन उचलतो, आणि पलीकडून पहिलाच प्रश्न येतो.

"बाबा, किती पानं झाली?"